हिरव्या डब्याची घासलेली कड

बातमी चार ओळींची होती. धाराशिवच्या आमच्या वार्ताहराने ती सोलापूरला येणाऱ्या बसच्या कंडक्टरबरोबर पाठवली होती आणि दुपारी तीनच्या सुमारास ती माझ्या टेबलावर आली. 'येथील जुने रेडिओ कारागीर शेख हमीद यांचे अल्पशा आजारानंतर निधन झाले. या भागातील पहिले रेडिओ केंद्र त्यांनी उभारले होते. त्यांच्या मागे पत्नी व दोन मुली आहेत. ते अतिशय मनमिळाऊ होते.' मी पेन्सिल घेऊन दुसरे वाक्य खोडले, मग चौथेही खोडले. ज्याच्याविषयी नीट माहिती नसते अशा प्रत्येक मृताला आम्ही मनमिळाऊ करून टाकतो. हमीदभाई मनमिळाऊ नव्हते, हट्टी होते. आणि रेडिओ केंद्र त्यांनी कधीच, कुठेच उभारले नव्हते. उलट, असे केंद्र आपण उभारलेले नाही एवढेच सिद्ध करण्यात त्यांचे सहा आठवडे गेले होते. ते सहा आठवडे त्यांना अधिक जड गेले, याचे एक कारण मी होतो.

उरलेल्या दोन ओळी दुसऱ्या दिवशी छापून आल्या. त्याला आता पाच आठवडे झाले. ज्या दोन ओळी खोडल्या त्यांच्या जागी काय असायला हवे होते, ते इथे लिहितो आहे.

हमीदभाई मूळचे बेंबळीचे. तरुणपणी ते हैदराबादला गेले आणि निजामाच्या बिनतारी खात्याच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायच्या कामाला लागले. विलीनीकरणानंतर तो कारखाना बंद झाला आणि ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आले. ट्रंकेत कोळशाच्या शेगडीवर तापवून तारांना डाग द्यायची कावी, तारेची जाडी मोजायची एक पट्टी आणि कॉइल गुंडाळायचे हाताने फिरवायचे चाक होते. धाराशिवच्या बाजारातल्या एका गल्लीत, बांगडीवाल्याच्या शेजारी, त्यांनी दुकान मांडले. मी तेव्हा धाराशिवचा वार्ताहर होतो आणि त्या गल्लीतून रोज बसस्टँडकडे जात असे. तार गुंडाळताना ते वेढे मोठ्याने मोजत... इकसठ, बासठ, तिरसठ. मध्ये कोणी सलाम केला तरी उत्तर नाही. कोणी बोलून मोजणी चुकवलीच, तर 'अंदाजे एवढे झाले असतील' असे ते कधी म्हणत नसत. सगळी तार उलगडून पुन्हा एकपासून सुरू करत. बांगडीवाला म्हणायचा, "भाई, दोन वेढ्यांनी काय आभाळ कोसळतंय?" त्यावर हमीदभाई त्याच्याकडे न बघता म्हणत, "बांगडी दोन सूत लहान झाली तर हातात जाती का तुझी?"

जिल्हा मुंबई राज्यात आला त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांतली ही गोष्ट. तेरच्या वाटेवर तेरणेकाठी एक गाव आहे. त्याचे नाव इथे देत नाही. त्या वेळी मी ते दिले होते आणि तेवढे पुरे आहे. त्या गावाला सरकारी योजनेतून सार्वजनिक रेडिओ मिळाला. वीज नव्हती, रेडिओ कोरड्या बॅटरीवर चाले. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माणसे जमत. अडचण एकच होती. काटा कुठेही फिरवला तरी हैदराबाद खणखणीत लागायचे आणि पुण्याहून येणारा मराठी कार्यक्रम मात्र कुजबुजल्यासारखा, मध्येच खरखरीत बुडणारा. शेतीचा सल्ला आणि बाजारभाव मराठीत होते आणि तेच ऐकू येत नव्हते. सरपंचांनी रेडिओ दुरुस्तीसाठी हमीदभाईंना बोलावले. त्यांनी तासभर ऐकले आणि सांगितले, "रेडिओ बिघडला न्हाय. पुणं लांब हाय, एवढंच."

पण ते तिथे थांबले नाहीत. लांब आहे म्हणजे काय, हे त्यांनी पुढे मला समजावले होते ते असे : आभाळातून येणारी लाट तारेवर पडते तेव्हा तिच्यात इतका थोडा जोर असतो की रेडिओच्या पोटातली खरखरच तिच्यापेक्षा मोठी ठरते. पुढे आवाज कितीही वाढवा, लाटेबरोबर खरखरही वाढते. "म्हणून वाढवायचं ते अगदी दारातच. पहिल्या पायरीवर कचरा आत आला की पुढं कचराच मोठा हुतो." म्हणजे रेडिओच्या आधी लाट वाढवणारा आणखी एक काचेचा व्हॉल्व्ह लावायचा, आणि त्याने हवी तीच लाट निवडून, ती स्वच्छ वाढवून, मग रेडिओच्या हवाली करायची. हवी ती लाट निवडायचे काम कॉइल आणि कंडेन्सरचे. पंचमीच्या झोक्याचा दाखला ते देत. झोक्याला त्याच्या स्वतःच्या वेळेला बोट लावले तरी तो वर जातो, आणि अवेळी दोन माणसांनी ढकलले तरी जागचा हलत नाही. कॉइलचा एकेक वेढा म्हणजे त्या झोक्याच्या दोराची लांबी. म्हणून मोजणी.

त्यांनी एक डबी बनवली. लाकडी फळीवर पत्रा, पत्र्याच्या मधोमध व्हॉल्व्ह, एका बाजूला तारेवरून लाट घेणारी कॉइल आणि दुसऱ्या बाजूला वाढवलेली लाट पुढे देणारी कॉइल. पहिलीला ते ऐकणारी म्हणत, दुसरीला बोलणारी. या दोघींमध्ये आडोसा हवा, कारण बोलणारीचा आवाज ऐकणारीच्या कानात गेला की सगळा खेळ बिघडतो. त्यासाठी त्यांनी चहाच्या भुकटीचे दोन गोल डबे घेतले, त्यांच्यावरची चित्रे घासून पत्रा कोरा केला आणि एकेका कॉइलवर एकेक डबा पालथा घातला. डब्याची कड पितळी कड्यात बसायची आणि थोडे फिरवले की घट्ट व्हायची. कड्यातून एक जाड तार खाली, ओट्यामागे पुरलेल्या तांब्याच्या नळीपर्यंत गेली होती. नळीभोवती कोळसा आणि खडेमीठ. काळी जमीन वाळली की ही नळी निकामी होते, म्हणून तिथे रोज तांब्याभर पाणी घालायचे, असे त्यांनी गोदाबाईंना सांगितले.

गोदाबाई ग्रामपंचायतीची झाडलोट करत. तेव्हा तिशीच्या असतील. तोंडाने फटकळ आणि कामाला चोख. पाणी त्यांनी एक दिवस चुकवले नाही. मिठासाठी गावातल्या शेळ्या तिथे येऊन जमीन चाटायच्या, त्यांना हाकलायचे कामही त्यांच्याकडेच आले. "भाई, रेडिओ लावलाव का शेळ्यांची खानावळ?" असे त्या विचारत. पण डबी लागल्यापासून पुणे स्वच्छ ऐकू येऊ लागले होते, आणि गावात गोदाबाईंचा मान वाढला होता. रोज पाणी पडते म्हटल्यावर नळीला हळदकुंकूही लागू लागले. ते पाहून हमीदभाई हसले आणि काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला.

त्या वर्षी खंडेनवमीला गावात नेहमीप्रमाणे औतांची, विळ्या-कुऱ्हाडींची पूजा झाली. दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांनी ग्रामपंचायतीचा रेडिओ संध्याकाळी पुणे लावताच शिट्टी घालू लागला. लांबट, चढत जाणारी, कानात सुई घातल्यासारखी. शिट्टी फक्त तिथेच वाजली असती तर हमीदभाईंना कार्ड टाकून गाव थांबले असते. कार्ड टाकलेही होते. पण दोन गल्ल्या पलीकडे निजामाच्या अमदानीतले, कचेरीत कागद सांभाळणारे एक निवृत्त पेशकार राहत. त्यांच्या घरी स्वतःचा मोठा रेडिओ होता, आणि नेमक्या त्याच वेळी, नेमकी तीच शिट्टी त्यांच्याही रेडिओत वाजू लागली. ग्रामपंचायतीचा रेडिओ बंद झाला की थांबायची. पेशकार नेमस्त गृहस्थ होते. त्यांनी कागदावर चार दिवसांच्या वेळा लिहिल्या आणि तक्रार केली : गावातून कोणीतरी बिनतारी संदेश पाठवत असावे.

आणि तक्रारीत एका अर्थी चूक नव्हती. डबी खरोखरच प्रक्षेपण करत होती.

पोलीस आले, रेडिओ आणि डबी दोन्ही लाखेने सीलबंद करून ठेवली. हमीदभाईंचा दुरुस्तीचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवला गेला. सहा आठवड्यांनी परवाना खात्याचे निरीक्षक गावात येणार होते. त्यांना पटले नाही तर परवाना कायमचा जाणार होता आणि गावाचा रेडिओ दुसऱ्या गावाला दिला जाणार होता. मी ठाण्यावरची नोंद पाहिली, पेशकारांची तक्रार वाचली आणि बातमी पाठवली. मथळा होता 'अनधिकृत प्रक्षेपणाचा संशय'. मजकुरात गावाचे नाव होते, आणि 'निजामाच्या बिनतारी खात्यातील एका माजी नोकराने बसविलेले यंत्र' असे शब्द होते. प्रत्येक शब्दाला माझ्याकडे कागद होता. विलीनीकरणाला दहाएक वर्षेच झाली होती, आणि त्या शब्दांचा आमच्या जिल्ह्यात काय अर्थ होतो हे मला ठाऊक होते. ते शब्द मी तरीही ठेवले, कारण त्यांनी बातमी उठावदार होत होती.

बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदभाई माझ्या खोलीवर आले. हातात वर्तमानपत्राची घडी. बसा म्हटले तर बसले नाहीत.

"बातमी तुमची?"

"हो."

"मला न्हाय विचारलं."

"ठाण्यावर नोंद होती, हमीदभाई. ती मी पाहिली."

"नोंद खरी हाय. तुम्ही लिवलं ते पण खोटं न्हाय. अर्धं हाय." त्यांनी घडी टेबलावर ठेवली. "काल दुकानात तीन माणसं आली आन दुरुस्तीला दिलेले रेडिओ उचलून घेऊन गेली. एकानं तर विचारलं, भाई, कुणाला निरोप पाठवत हुता? मी म्हणलं, तुझ्या सासऱ्याला." ते हसले नाहीत. "चला वार्ताहरसाहेब, दुकान बघा. पुढली बातमी तरी डोळ्यानं बघून लिवा."

मी गेलो. त्या सहा आठवड्यांत बहुतेक रोज गेलो. आधी त्यांनी मला शिट्टी म्हणजे काय ते सांगितले. "सभेत माइक भोंग्याच्या तोंडासमोर आला की काय हुतं?" मी म्हटले, कुई करतो. "कोण कुई करतं? भाषण करणारा तर गप उभा असतो. भोंगा स्वतःचंच ऐकून वरडतो. भोंग्यातलं माइकमध्ये, माइकमधलं भोंग्यात. डबीत तेच झालंय. बोलणारीचं ऐकणारीच्या कानात चाललंय. आता तिला पुण्याची पण गरज न्हाय, आपलं आपणच वरडती, आन वर तार बांधलीय तर ते वरडणं पेशकारसाहेबांच्या घरात जाणारच. वाढवणारं यंत्र आन पाठवणारं यंत्र यांच्यात एवढंच अंतर हाय." त्यांनी बोट आणि अंगठा जवळ आणून दाखवले. "पण दोघींच्या मध्ये तर दोन डबे हायत. वाट सापडली कुठून? ते सांगता आलं पायजे. निरीक्षकाला 'माहीत न्हाय' सांगून चालणार न्हाय."

मूळ डबी सीलखाली होती, तिला हात लावता येत नव्हता. म्हणून त्यांनी हुबेहूब तशीच दुसरी बनवायला घेतली. दुरुस्तीचा परवाना नव्हता, पण स्वतःच्या दुकानात स्वतःसाठी लाकडी फळीवर पत्रा ठोकायला कोणी अडवले नव्हते. तीच तार, तेवढेच वेढे, त्याच चहाचे डबे. आठव्या दिवशी डबी तयार झाली आणि तिने पुणे असे स्वच्छ लावले की शेजारचा बांगडीवाला गिऱ्हाईक सोडून ऐकायला आला. हमीदभाई कपाळाला हात लावून बसले. कारण त्यांना चांगली डबी नको होती. बिघडलेली हवी होती.

मग पुढचे तीन आठवडे मी जे पाहिले ते मी कुठल्याही कारागिराकडे पाहिलेले नाही. धडधाकट यंत्र बिघडावे म्हणून तो माणूस झटत होता. दुकानामागे पुरलेल्या तशाच नळीजवळची जमीन कोरडी ठणठणीत होऊ दिली. आवाज खरखरला, शिट्टी आली नाही. वरची तार लांब केली, आखूड केली, बांगडीवाल्याच्या छपरावरून नेली. व्हॉल्व्ह बदलला. नवीन बॅटरी लावली, मग अगदी उतरलेली लावली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, ऐकायचे, वहीत लिहायचे आणि ती गोष्ट पुन्हा होती तशी करून मगच दुसरीला हात घालायचा. मी एकदा कंटाळून म्हटले, दोन-तीन गोष्टी एकदम बदलून बघा ना, वेळ वाचेल. ते म्हणाले, "आन शिट्टी वाजली तर कुणामुळं वाजली ते कुणाला विचारू? तुमच्या ठाण्यात?"

बांगडीवाला रोज संध्याकाळी विचारायचा, "भाई, वाजली का?" आणि हमीदभाई म्हणायचे, "न्हाय रे. लई गुणाची हाय." वहीची पाने भरत होती, निरीक्षकांचा दिवस जवळ येत होता आणि दुकानात गिऱ्हाईक येत नव्हते. घरातून निरोप यायचा की जेवायला या. ते म्हणत, येतो... आणि पुढचा व्हॉल्व्ह काढायला घेत.

चौकशीला नऊ दिवस उरले असताना गोदाबाई बहिणीच्या औषधासाठी धाराशिवला आल्या आणि दुकानात डोकावल्या. बसायलाही तयार नव्हत्या, एसटीची वेळ झाली होती. डबी बघून म्हणाल्या, "ह्ये तर आपलंच की! पन भाई, ह्येचे डबे असे भिकाऱ्यावानी उघडेबोडके का ठिवले?"

हमीदभाईंनी मान वर केली. "म्हणजे?"

"आमच्याकडं कसे छान हिरवेगार हायती! खंडेनवमीला सगळ्या अवजारांची पूजा असती, मंग म्हनलं ह्ये बी अवजारच की. म्याच काढले डबे. चिंचंनं घासले, आन पंचायतीच्या दाराचा रंग उरला व्हता, त्यो दिला आतून-बाहीरून. दोन हात. वाळवून परत जसेच्या तसे बसिवले. भाई, म्या काय वंगाळ केलं का? असं काय बघताव?"

हमीदभाई उठले, बांगडीवाल्याकडून रंगाचा डबा मागून आणला, लाल होता, आणि एका डब्याच्या फक्त कडेला बोटाने रंग लावला. वाळायला उन्हात ठेवला. गोदाबाईंची एसटी गेली. डबा वाळल्यावर त्यांनी तो पितळी कड्यात बसवला, फिरवून घट्ट केला आणि पुणे लावले. शिट्टी वाजली... लांबट, चढत जाणारी. शेजारचा बांगडीवाला कानात बोटे घालून बाहेर आला. हमीदभाई डोळे मिटून ऐकत होते. "या अल्ला, वाजली," एवढेच म्हणाले. मग वहीत लिहिले. मग चाकूने कडेवरचा रंग खरवडला, डबा बसवला, शिट्टी बंद. पुन्हा रंग, पुन्हा वाळवणे, पुन्हा शिट्टी. एकदा वाजून त्यांचे समाधान होणार नव्हते.

कारण अगदी साधे होते. डबा आडोसा ठरतो तो नुसत्या पत्र्यामुळे नाही. पत्र्यावर आलेली चुकार लाट कडेवाटे कड्यात, कड्यातून जमिनीत उतरते म्हणून. कडेला रंग बसला की डबा जमिनीपासून तुटतो. दिसायला भिंत उभी, पण तीच भिंत आता इकडची कुजबुज तिकडे पोचवू लागते.

निरीक्षक आले तेव्हा ग्रामपंचायतीपुढे सगळे गाव जमले होते. निरीक्षक बाहेरगावचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. सील काढल्यावर हमीदभाईंनी त्यांना विनंती केली : मी भिंतीकडे तोंड करून बसतो. डबे तुम्ही बदला, हवे तेव्हा, हव्या त्या क्रमाने. पेशकारसाहेबांच्या घरी त्यांच्या रेडिओपाशी एक शिपाई बसेल, तो शिट्टी आली की खिडकीतून हात वर करील, आणि ती खिडकी दिसते अशा मारुतीच्या पारावरून गोदाबाई पांढरे फडके वर करतील. एका कॉइलवर दुकानातला कोरा डबा बसवला आणि दुसरीसाठी निरीक्षकांनी गावातलेच दोन डबे घेतले. एक पूर्ण हिरवा. दुसराही हिरवाच, पण कड तिथेच घासून चकचकीत केलेला. पहिल्याने फडके वर गेले. दुसऱ्याने खाली राहिले. पुन्हा दुसरा, खाली. पहिला, वर. मग निरीक्षकांनी घासलेल्या कडेचा डबा तिसऱ्यांदा लावला आणि फडके वर गेले.

ओट्यावर कोणी हलले नाही. हमीदभाई भिंतीकडे तोंड करून बसले होते.  त्यांनी मागे वळून पाहिले नाही. निरीक्षकांनी पारावर माणूस पाठवला. तो परत आला तेव्हा त्याच्यामागून गोदाबाईंचा आवाज येत होता, "शिट्टी कुठली! शेळी व्हती! माझ्या हाताच्या मिठाच्या वासानं मेली तिथं बी आली, तिला हाकलत व्हते म्या!"

तेव्हा निरीक्षकही हसले. तरीही त्यांनी सगळे पहिल्यापासून, शेळ्या बांधायला लावून, पुन्हा करून पाहिले. हमीदभाईंना ते आवडले असावे. नंतर ते मला म्हणाले होते, "माणूस कामाचा हाय. मोजणी चुकली तर एकपासून मोजतो."

परवाना तिथेच परत मिळाला. गोदाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "माझ्यामुळं झालं समदं," त्या म्हणाल्या, "रंग म्या दिला."

"रंग तुम्ही दिला," हमीदभाई म्हणाले. "कड कोरी का ठेवायची ते मी कुठं सांगितलं हुतं? पाणी घाला म्हणलं, का ते न्हाय सांगितलं. तुम्ही हळदकुंकू लावलं तेव्हाच मला कळायला पायजे हुतं. कारण न सांगता काम सांगितलं की त्याची पूजाच हुणार. गलती माझी हाय."

पेशकार काठी टेकत पुढे आले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले की तक्रार त्यांनी खरी समजून केली होती, आणि मग घसा साफ करून म्हणाले, "मियाँ, माझ्याही रेडिओला अशी एक डबी होईल का?" हमीदभाईंनी हो म्हटले, पण तिथेच डबा सैल करून शिट्टी वाजवली आणि विचारले, "आधी सांगा साहेब, ही का वाजली?" पेशकारांनी सांगितले. अडखळत, पण बरोबर. हमीदभाईंचे ते पहिले विद्यार्थी.

मी दुसरी बातमी लिहिली, पहिलीएवढीच लांब. हमीदभाईंची एकच मागणी होती. "जिथं ती हुती, तिथंच ही द्या." संपादकांनी ती आतल्या पानावर, चार ओळींत दिली. अंक घेऊन मी दुकानात गेलो आणि तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि घडी घालून वहीत ठेवली. "आवाज बारीक हाय," ते म्हणाले, "पण साफ हाय."

पुढची दहाएक वर्षे त्यांनी तो नेम सोडला नाही. त्यांच्याकडून काहीही घेऊन जाणाऱ्याने आधी कारण सांगायचे. तामलवाडीचा एक शिक्षक दोनदा चुकला म्हणून त्याला डबी न देता परत पाठवल्याचे मला माहीत आहे. शिक्षक तिसऱ्यांदा आला आणि घेऊन गेला. मग ट्रान्झिस्टर आले. गुराख्यांच्या खांद्याला रेडिओ लटकू लागले. मला वाटले, आता हमीदभाई चाक गुंडाळून ठेवतील. गेल्या उन्हाळ्यात शेवटचा भेटलो तेव्हा ते भिंगाखाली एक कॉइल गुंडाळत होते, करंगळीएवढी. मोजणी पुरी होईपर्यंत मी उभा राहिलो. मग ते म्हणाले, "व्हॉल्व्हची काच गेली, ट्रान्झिस्टरचा मणी आला. पण बोलणारीनं ऐकणारीच्या कानात बोलायचं न्हाय, ह्यो कायदा कुणी बदलला न्हाय." हात थोडे थरथरत होते. विषय काढला तर म्हणाले, "थरथरतात. मोजता येतं."

बातमी आली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्या गावी गेलो. वीज आता आली आहे. ग्रामपंचायतीचा ओटा सिमेंटचा झाला आहे. जुना रेडिओ कोपऱ्यात आहे आणि त्याला आता विजेची जोडणी आहे. शेजारी ती डबी, दोन हिरवे डबे पालथे. रंग दरवर्षी खंडेनवमीला नव्याने देतात. गोदाबाई थकल्या आहेत, पण ते काम दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. ओट्यामागची नळी ओली होती. मी काही विचारण्याआधी त्यांनी एक डबा उचलून माझ्यासमोर उलटा धरला. खालची बोटभर कड कोरी होती, चिंचेने घासून लखलखीत.

"भाई गेल्याची खबर आली त्या दिवशी बी घासली," त्या म्हणाल्या.

डबा त्यांनी कॉइलवर ठेवला, पण कड्यात बसवला नाही, आणि रेडिओ लावला. शिट्टी सुरू झाली. लांबट, चढत जाणारी.  त्यांचा हात डब्यावर, फिरवायला तयार, आणि नजर माझ्यावर.

"सांगा," त्या म्हणाल्या. "का वाजती?"

"बोलणारीचं ऐकणारीच्या कानात जातंय," मी म्हटले.

"का जातंय?"

"डब्याची कड कड्याला टेकलेली नाही. त्यामुळे तो जमिनीपासून तुटलाय."

त्यांनी आणखी क्षणभर वाट पाहिली, काही सुटले नाही ना याची. मग डबा दाबून थोडा फिरवला. शिट्टी थांबली, आणि तिच्या मागून पुण्याचा बाजारभाव ऐकू आला. आवाज बारीक होता, पण साफ होता.